भेगांमधून वाढलेली जमीन

दादा, सायबेरियाच्या हवाई फोटोंतलं ते बहुकोनी चौकटींचं जाळं कुणी आखलं, असं तुम्ही विचारलंय. आखलं थंडीनेच. सोलापुरात उन्हाळ्यात काळं रान वाळून कसं भेगाळतं बघा, तिथे जमीन कडाक्याच्या थंडीने आकसून तडकते. पण आपली भेग पावसाळ्यात बुजते, तिथली बुजत नाही. वसंतात वितळलेलं पाणी तिच्यात उतरतं आणि खालची जमीन कायम शून्याखाली असल्याने गोठतं. पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा बहुधा तिथेच तडकते. वर्षाला वाढ काही मिलिमीटर, पण हजारो वर्षांत बर्फाची पाचर काही मीटर रुंद होते. सायबेरियातल्या याकुतिया प्रांतात हिमयुगात वरून गाळ साचत गेला, त्यासोबत पाचरीही उंच वाढल्या. त्या थरांत कित्येक ठिकाणी निम्म्याहून जास्त बर्फच आहे.

आता असा बर्फ वितळला की जमीन खचणारच. खड्ड्यात तळं होतं, तळ्याचं पाणी आजूबाजूचा बर्फ आणखी वितळवतं. तळी आटली की उरतात कुरणं. याकूत लोक तिथे घोडे-गुरं चारत आले आहेत. यातली बरीच कुरणं सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग सरल्यानंतरच्या उबेतली, त्यामुळे प्रत्येक खड्डा आजच्या तापमानवाढीच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. याकुतियातल्याच बातागाय गावाजवळची, जमीन खचून झालेली प्रचंड घळ मात्र १९६० च्या दशकातल्या जंगलतोडीनंतर उघडी पडली आणि अजून रुंदावतेय.