पहिली प्रीती पुन्हा कशी जागी व्हावी?

प्रश्न:

सर्व बंधुभगिनींना प्रभूमध्ये सप्रेम सलाम. गेली बावीस वर्षे मी एकाच मंडळीत उपासनेला जातो आणि त्यांपैकी नऊ वर्षे वडीलवर्गात, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्या वडीलजनांत, सेवा करीत आहे. मागच्या महिन्यात एका रविवारी शास्त्रपाठ वाचून मी बाकावर येऊन बसलो, तेव्हा शेजारच्या मुलाने हळूच विचारले, "आत्ता कोणता अध्याय वाचलात?" मला सांगता आले नाही. आवाज नीट लागला होता, उच्चार स्पष्ट होते, पण मन तेथे नव्हतेच. तेव्हापासून बायबलमधील शेवटच्या पुस्तकातील, प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायातील इफिसच्या मंडळीचे पत्र माझा पिच्छा सोडत नाही. त्या मंडळीचे श्रम, तिचा धीर, खोट्या प्रेषितांना ओळखण्याची तिची पारख, हे सगळे प्रभू मान्य करतो, आणि तरीही तिने पहिली प्रीती सोडली, असे म्हणतो. आमच्याकडे विश्वास पुन्हा जागा व्हावा म्हणून संजीवन सभा झाल्या, पुष्कळांचे डोळे भरून आले, पण पंधरा दिवसांत सारे पूर्ववत झाले. खरे आत्मिक नवीकरण कशाने येते आणि कशाने टिकते?

पहिले उत्तर:

भाऊ, त्याच पत्रात पुढच्याच वचनात उत्तर आहे, आणि ते भावनेविषयी नाही: आठवण कर, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर. आपण सभेत मन हेलावण्याची वाट पाहतो, पण प्रभू कृत्यांपासून सुरुवात करायला सांगतो.

हेर्नहूटचा इतिहास मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. छळामुळे मोरावियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रांतातून) निघालेल्या विश्वासणाऱ्यांनी १७२२ मध्ये जर्मनीतील सॅक्सनीत काउंट झिन्झेंडॉर्फ या सरदारांच्या जमिनीवर ही वसाहत उभारली. पुढे निरनिराळ्या परंपरांतील लोक तेथे येत गेले आणि पाच वर्षांत वसाहत भांडणांनी पोखरून निघाली. झिन्झेंडॉर्फ यांनी लोकांच्या भेटी घेतल्या, समेटासाठी धडपड केली, आणि १२ मे १७२७ रोजी सर्वांनी एकत्र राहण्याच्या नियमांना संमती दिली. त्यानंतर १३ ऑगस्टच्या प्रभुभोजनात जे घडले, त्याला मोरावियन मंडळी आजही आपले नवीकरण मानते. त्याच महिन्यात पाळीपाळीने अखंड प्रार्थना सुरू झाली आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. १७३२ मध्ये त्यांचे पहिले मिशनरी कॅरिबियन बेटांकडे निघाले. सांगण्याचा मुद्दा एवढाच की, ऑगस्टच्या आधी मे महिना होता, म्हणजे नवीकरणाच्या आधी समेट होता. मंडळीत एकमेकांशी न बोलणारी माणसे एकाच मेजावरून भाकर घेत असतील, तर आणखी एक सभा ठेवून काय साधणार? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो.

दुसरे उत्तर:

वरील म्हणणे मला मान्य आहे, पण प्रत्येक कोरडेपणाचे मूळ पापातच असते, असे समजू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिलेला संदेष्टा एलीया अरण्यात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला दोष दिला नाही. तो झोपी गेला. देवदूताने उठवून त्याला भाकर व पाणी दिले. तो पुन्हा निजला. त्याला पुन्हा उठवून खायला दिले. होरेब डोंगरावर त्याने ऐकलेली देवाची ती मंद वाणी त्यानंतरची आहे. नऊ वर्षे सलग सेवा करणाऱ्या माणसाला मी आधी विचारीन की, त्याने शेवटचे, कोणतीही जबाबदारी नसताना, केवळ ऐकण्यासाठी उपासनेत कधी बसून पाहिले होते?

तिसरे उत्तर:

टिकण्याविषयी थोडेसे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोक पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र ऐकत होते आणि लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे लोक, त्यांना त्याचा अर्थ समजावून देत होते. समजले, म्हणून ते रडले. दुसऱ्या दिवशी कुळांचे प्रमुख पुन्हा शिकायला आले, आणि मला तर हा दुसरा दिवसच अधिक महत्त्वाचा वाटतो. आमच्या मंडळीत आम्ही सहा जण दर बुधवारी एकच अध्याय वाचतो, कोणीही प्रवचन करीत नाही, आणि ज्याला जे कळले नाही ते तो मोकळेपणाने सांगतो. पहिले चार महिने काहीच घडले नाही, असे वाटत होते. मग एका बहिणीने स्तोत्र ५१ वाचताना मध्येच थांबून, आपण आपल्या सख्ख्या भावाला क्षमा केलेली नाही, हे रडत सांगितले. त्या रात्रीपासून आम्ही एकमेकांसाठी नावे घेऊन प्रार्थना करू लागलो.

प्रश्नकर्ता:

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. "ऑगस्टच्या आधी मे" हे वाक्य वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो, कारण वडीलवर्गातील एका भावाशी दोन वर्षांपूर्वी हिशेबावरून माझा वाद झाला होता आणि तेव्हापासून आम्ही कामापुरतेच बोलतो. काल संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. चूक दोघांची होती, पण मी माझीच तेवढी बोललो. पाळकांना विचारून मी तीन महिने शास्त्रपाठ वाचणार नाही. बाकावर बसून ऐकणार आहे. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, आणि आम्ही दोघे शेजारी बसायचे ठरवले आहे.