मदत हवी आहे : साथीच्या काळात शिक्षकांना घरून शिकवू देण्याचा नियम शाळेच्या आराखड्यात कसा लिहावा?

अबोली_डिचोली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी मराठी शिकवते. आमच्या शाळेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा नव्याने लिहायचा आहे. जुन्या आराखड्यात आग, पूर, दरड, साप सगळे आहे, साथीच्या रोगाबद्दल मात्र एक ओळही नाही. ते पान माझ्या वाट्याला आले आहे आणि महिनाअखेरीला ते व्यवस्थापन समितीपुढे जायचे आहे. मुलांना घरी कधी ठेवायचे ते सरकार ठरवेल, तिथे मला अडचण नाही. मी अडले आहे शिक्षकांपाशी. वर्ग ऑनलाइन चालू असताना ज्या शिक्षकाला घरून शिकवायचे आहे त्याला ते करू द्यावे, असा नियम मला लिहायचा आहे. पुढच्या वेळी कोणाला तो सहज बाजूला सारता येऊ नये, एवढी इच्छा आहे.

हे मी का धरून बसले आहे ते सांगते.

२०२० च्या मार्चच्या मध्यावर गोव्यातल्या शाळा बंद झाल्या. २५ मार्चला राज्यात कोरोनाचे पहिले तीन रुग्ण सापडले. पुढे ढकललेली दहावीची परीक्षा २१ मेपासून झाली आणि नव्या वर्षाचे वर्ग मोबाइलवर सुरू झाले. मुले घरी होती. आम्हाला मात्र रोज येऊन मस्टरवर सही करायची होती. शाळेत वायफाय एकच, ते स्टाफरूमच्या पलीकडे पोचत नव्हते. बाहेर धो धो पाऊस, म्हणून खिडक्या लावलेल्या, आणि आत सहा जणी सहा वर्गांचे तास एकदम घेत होत्या. मी ओवीचा अर्थ सांगत होते, शेजारी बीजगणित चालले होते. आठवीतला एक मुलगा मध्येच म्हणाला, "टीचर, तुमचो आवाज येना, गणिताच्या टीचराचो येता." मी आवाज चढवला, मग गणिताच्या बाईंनी चढवला. ज्या रोगात बंद खोलीत मोठ्याने बोलू नका असे सगळे सांगत होते, त्या रोगात आम्ही रोज चार तास तेच करत होतो.

आमच्या विज्ञानाच्या बाईंचे मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले आहे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या त्यांना जन्मभर घ्यायच्या आहेत. दोन बस बदलून शाळेत यावे लागायचे. त्यांनी अर्ज केला की वेळापत्रकातला एकही तास न चुकवता मी घरून शिकवते. उत्तर तोंडी मिळाले : "एकीला दिले तर सगळ्या मागतील." त्यांनी अर्धपगारी रजा घेतली. आम्हाला मे महिन्याची सुट्टी असते, त्यामुळे अर्जित रजा इतर कर्मचाऱ्यांसारखी साठत नाही. होती ती संपली आणि मग बिनपगारी सुरू झाली. दहावीचा वर्ग दोन महिने विज्ञानाच्या शिक्षिकेविना राहिला. मी त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा पडवीत नवा पांढरा फळा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्याच्यावरचे प्लॅस्टिकही काढलेले नव्हते.

त्यांना रजा मिळाली, पण शिकवायची परवानगी मिळाली नाही. त्यांना कोणी बोल लावला नाही, त्यांचा छळही कोणी केला नाही. कुठे काही लिहिलेलेच नव्हते, म्हणून ज्याच्या हातात निर्णय होता त्याने स्वतःला सोपे वाटले ते केले.

आता माझ्या अडचणी. घरून शिकवलेल्या दिवसाची हजेरी कशी लावायची? आमचा पगार अनुदानातून येतो आणि मस्टर तपासले जाते, म्हणून समितीचा पहिला प्रश्न हाच असणार. आजाराचा दाखला कोणी बघायचा? स्टाफ मीटिंगमध्ये एखाद्याचे दुखणे मोठ्याने वाचले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. आणि ज्यांच्या घरी रेंजच नाही त्यांचे काय? कोणाच्या शाळेत असे काही लेखी असेल, किंवा २०२० ते २०२२ मध्ये कोणी हे करून पाहिले असेल, तर कृपया सविस्तर लिहा.

---

निवृत्त_मास्तर_फोंडा

अबोलीबाई, मी त्या काळात मुख्याध्यापक होतो, म्हणून पलीकडच्या खुर्चीवरून लिहितो.

पहिले म्हणजे केंद्राचा त्या वेळचा आदेश काढून मसुद्याला जोडा. अनलॉक ४ मध्ये, म्हणजे टाळेबंदी सैल करण्याच्या चौथ्या टप्प्यात, २१ सप्टेंबर २०२० पासून कंटेन्मेंट झोनबाहेरच्या शाळांत ऑनलाइन शिकवण्यासाठी एका वेळी ५० टक्क्यांपर्यंत कर्मचारी बोलावण्याची परवानगी राज्यांना देता येईल, असे म्हटले होते. बोलावता येतील असे होते, बोलावलेच पाहिजेत असे नव्हते. नववी ते बारावीसाठी आरोग्य मंत्रालयाच्या ज्या सूचना निघाल्या, त्यांत वयस्कर, गर्भवती आणि जुने आजार असलेल्या कर्मचाऱ्यांनी जास्त काळजी घ्यावी आणि मुलांशी थेट संबंध येणारे काम त्यांना शक्यतो देऊ नये, असेही होते. समितीतले लोक "सरकारने सांगितले होते" एवढेच आठवून बोलतात. कागद समोर असला की बोलणे बदलते.

हजेरीचे आम्ही असे केले : मस्टरच्या त्या चौकोनात सही रिकामी न ठेवता "घरून अध्यापन" असा शेरा. सोबत वेगळी वही. तास कोणता, पाठ कोणता, किती मुले जोडली गेली, किती जणांना फोन केला. शिक्षक रोज संध्याकाळी मोबाइलवर पाठवायचे, कारकून उतरवून घ्यायचे, शुक्रवारी मी सही करायचो. पण हे सुरू करण्याआधी व्यवस्थापनाचा ठराव घेऊन भागशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र दिले आणि पोच घेतली. तुम्ही तर साथ नसताना हे करत आहात, तेव्हा पर्वरीला शिक्षण संचालनालयाकडे मसुदा पाठवून लेखी उत्तर मागायला भरपूर वेळ आहे. तोंडी होकारावर जाऊ नका. माणूस बदली होऊन जातो.

"एकीला दिले तर सगळ्या मागतील" हे वाक्य मीही एकदा बोललो आहे. आमच्याकडे प्रत्यक्षात अकरा जणांपैकी चौघांनीच मागितले.

---

सत्तरीची_टीचर

मी त्या बाकीच्यांतली. माझ्या घरी रेंज नाही. अंगणात एक दांडी, पावसात ती पण जाते. वीज गेली की टॉवर पण जातो. सत्तरी, सांगे, काणकोणात मुले रेंजसाठी डोंगर चढत होती हे सगळ्या गोव्याने वाचले, त्यांच्या टीचर पण चढत होत्या हे कोणी विचारले नाही. म्हणून कृपा करून घरूनच शिकवा अशी सक्ती लिहू नका. मला शाळाच बरी होती. रिकाम्या वर्गात एकटी बसायचे, खिडक्या उघड्या. तुम्ही "एका खोलीत एकच शिक्षक" हे वाक्य घाला, त्याला एक पैसा लागत नाही.

दुसरे. घरून म्हणजे ऑनलाइनच असे धरू नका. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी एकच फोन, तो बाबा कामावर घेऊन जायचा. सकाळच्या तासाला कोण येणार? मी सरकारी प्राथमिक शाळेत आहे. सोमवारी सरावाचे कागद वाड्यावरच्या दुकानात ठेवायची, शनिवारी तिथूनच वह्या आणायची, आणि रात्री आठनंतर एकेका मुलाला साधा फोन. एक पोर फोनवर वाचून दाखवताना बोट ओळीवरून फिरवायचे. आईने सांगितले म्हणून कळले. हे पण अध्यापन आहे, तुमच्या वहीत त्याला रकाना हवा.

आणि शाळेत कोणीतरी लागतेच. माध्यान्ह आहाराच्या बदल्यातले धान्य वाटायचे, पुस्तके वाटायची, दाखला न्यायला पालक येतात. घरून शिकवणाऱ्यांमुळे हे सगळे दोन-तीन जणींवरच पडले तर त्यांचे मन खट्टू होते. ते आधीच वाटून ठेवा.

---

वास्कोची_आई

मी पालक, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. जून २०२० मध्ये आमच्या वास्कोतला मांगोर हिल कंटेन्मेंट झोन झाला. माझ्या मुलीची एक टीचर आत राहत होती. तिला बाहेर पडताच येत नव्हते, म्हणून ती घरून शिकवत होती आणि कोणाचा काही आक्षेप नव्हता. मुलगी म्हणायची, ह्याच टीचरचे नीट ऐकू येते. झोन उठल्यावर ती शाळेतून शिकवू लागली आणि मागे पुन्हा बाजार भरल्यासारखा आवाज. समितीला हे सांगा. घरून शिकवणे चालते हे आपण तेव्हाच पाहिले आहे, फक्त ते शिक्षकाने मागितलेले नव्हते.

पालक म्हणून माझी एकच मागणी : टीचर घरी असल्या तरी अमुक वेळेत फोन उचलतील अशी वेळ ठरवून कळवा. ती वेळ पाळली की कुठून शिकवतात याने आम्हाला फरक पडत नाही.

---

कायदा_वाचक

विज्ञानाच्या बाईंच्या बाबतीत एक सावधगिरी. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आधार घ्यावासा वाटेल. त्यात कलम ८ आपत्तीतल्या संरक्षणाचे आहे, आणि कलम २० नुसार सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय करून द्यायची आहे. पण त्या कायद्याच्या २१ प्रकारांत थॅलेसिमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आहेत, मूत्रपिंड प्रत्यारोपण नाही. म्हणजे तुम्ही नुसते "दिव्यांग कर्मचारी" असे लिहिले तर ज्यांच्यासाठी हे करता आहात त्याच बाहेर राहतील. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने आपल्या कार्यालयांतल्या दिव्यांग आणि गर्भवती कर्मचाऱ्यांना हजेरीतून सूट देऊन घरून काम करायला सांगितले. तो आदेश तुम्हाला लागू नाही आणि त्यातही हीच फट आहे.

त्यापेक्षा आजारांची यादीच करू नका. "नोंदणीकृत डॉक्टरांनी गर्दीपासून दूर राहण्याचा लेखी सल्ला दिलेला कर्मचारी, किंवा ज्याच्या घरात अशी व्यक्ती राहते तो कर्मचारी" एवढे पुरते. दाखल्यावर आजाराचे नाव असण्याची गरज नाही. तो फक्त मुख्याध्यापकांनी पाहावा आणि बंद पाकिटात ठेवावा.

---

अबोली_डिचोली (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून पुन्हा लिहिले. आता मसुदा असा आहे :

"सरकारी आदेशाने वर्ग ऑनलाइन झाले की ज्या शिक्षकाला घरून शिकवायचे आहे त्याने लेखी कळवावे. कारण देण्याची गरज नाही. शाळेत प्रत्यक्ष करायची कामे पाळीने वाटली जातील. गर्दी टाळण्याचा वैद्यकीय सल्ला असलेले शिक्षक, आणि ज्यांच्या घरात अशी व्यक्ती आहे ते, या पाळीतून वगळले जातील व त्याऐवजी फोनवरची व लेखी कामे करतील. शाळेतून शिकवणाऱ्यांसाठी एका खोलीत एकच शिक्षक. अर्ज नाकारायचा असेल तर मुख्याध्यापकांनी तीन दिवसांत लेखी कारण द्यावे, तोवर अर्ज मंजूर समजून काम चालू राहील."

शेवटच्या ओळीवर समितीत वाद होईल हे मला माहीत आहे. ती काढायला सांगितली तरी मी काढणार नाही, कारण आमच्या बाईंच्या अर्जावर शेवटपर्यंत लेखी काहीच आले नव्हते. मास्तर, वहीचे रकाने तुमचेच घेतले आहेत. सत्तरीच्या ताई, त्यात "साधा फोन" आणि "वह्या तपासल्या" हे दोन वाढवले.

आज सकाळी विज्ञानाच्या बाईंना हे वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की प्रयोगांचे काय करायचे. दहावीचे प्रात्यक्षिक कोणी घरून करून घेतले असेल, स्वयंपाकघरातल्या लिंबू-सोड्याने का होईना, तर कसे केले आणि गुण कसे दिले ते लिहा. तेवढा एक परिच्छेद अजून कोरा आहे.