१४ वर्षे जुन्या गाडीसाठी नवे टायर: अलाइनमेंट आधी करावी, नंतर करावी की करूच नये?

नमस्कार. माझ्याकडे १४ वर्षे जुनी, पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ असलेली एक छोटी गाडी आहे. तिचे टायर बदलायला आले आहेत, यावर कोणाचे दुमत नाही. पण किती बदलावेत, कोणते घ्यावेत आणि व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन ठरलेल्या मापात लावणे) नेमकी केव्हा करावी, याबाबत मिळालेले दोन सल्ले एकमेकांना छेद देणारे आहेत. टायर विक्रेता म्हणतो की चारही टायर एकदम घ्या, लगेच अलाइनमेंट करून घ्या, गाडीचे डावीकडे ओढणे आपोआप थांबेल. माझा मेकॅनिक म्हणतो की एवढ्या जुन्या गाडीत अलाइनमेंट टिकत नाही, त्यामुळे त्या खर्चाच्या भानगडीत पडू नका. दोघेही अनुभवी आहेत, आणि अडचण तीच आहे.

गाडीची स्थिती तपशीलवार मांडतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज बांधावा लागणार नाही. टायरचे माप १५५/८० आर १३ आहे, म्हणजे रुंदी १५५ मिमी, कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १३ इंची. टायरच्या कडेवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे जे चार अंक असतात, ते मागच्या दोन टायरांवर २३१७ आहेत, म्हणजे ते २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातले आहेत. पुढच्या दोघांवर ०९२१ आहेत. मागच्या टायरांची नक्षी अजून बरीच खोल आहे, परंतु कडेच्या रबरावर केसासारख्या बारीक भेगा दिसू लागल्या असून नखाने दाबल्यास रबर लाकडासारखे लागते. पुढच्यांचे दुखणे वेगळे आहे. बाहेरच्या बाजूला खाचेची खोली सुमारे ५ मिमी आहे आणि आतल्या कडेला मात्र नक्षी १.६ मिमीच्या झिजखुणेला येऊन टेकली आहे. स्टेअरिंग पूर्ण वळवून चाकामागे डोकावल्याशिवाय हे दिसत नाही, त्यामुळे समोरून पाहणारा प्रत्येक जण टायर चांगले असल्याचे सांगत राहिला.

आणखी एक गोष्ट हाताला जाणवली. पुढच्या टायरवरून तळवा बाहेरून आत नेला की नक्षीच्या कडा करवतीच्या दातांसारख्या टोचतात, आणि आतून बाहेर आणला की तोच पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. माझ्या समजुतीप्रमाणे ही टो-आउटची खूण आहे, म्हणजे वरून पाहिल्यास पुढची चाके समोरच्या बाजूने एकमेकांपासून फाकलेली आहेत आणि सरळ जाताना ती थोडी घासत चालतात. कॅम्बरमुळेही, म्हणजे समोरून पाहिल्यास चाक उभ्या रेषेपासून कललेले असल्यानेही, आतली कड झिजते, परंतु तेव्हा असे दात सहसा तयार होत नाहीत, असे वाचले आहे.

ओढण्याचे कारण टायरमध्येच आहे का, हे पाहण्यासाठी मी पुढच्या दोन टायरांची डावी-उजवी अदलाबदल केली. टायरमध्ये दोष असता तर गाडी उजवीकडे ओढू लागली असती. ती डावीकडेच जात राहिली. रस्ता कडेला उतरता असतो, म्हणून ही चाचणी सपाट मैदानात दोन्ही दिशांनी केली. सरळ जाताना स्टेअरिंग उजवीकडे किंचित तिरके धरावे लागते.

माझे प्रश्न पुढीलप्रमाणे आहेत. दोनच टायर घेतले तर ते पुढे बसवावेत की मागे? सगळेच सांगतात की पुढे, कारण ओढ आणि वळण दोन्ही तिथेच आहे. दुसरे म्हणजे, १७५/७० आर १३ हे रुंद माप घेण्याचा मोह होतो आहे. हिशेब केला तर मूळ चाकाचा व्यास ३३०.२ अधिक दोनदा १२४, म्हणजे ५७८.२ मिमी येतो आणि नव्याचा ५७५.२ मिमी, फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा आहे, त्यामुळे वेगमापक फारसा चुकणार नाही. मग अडचण कुठे आहे? आणि मूळ प्रश्न असा की अलाइनमेंट जुन्या टायरांवर आधी करावी, नव्यांवर नंतर करावी की मेकॅनिकचे ऐकून सोडून द्यावी? माझे फिरणे वर्षाला जेमतेम ४००० किलोमीटर आहे.

प्रतिसाद:

आपण अदलाबदलीची चाचणी केली हे उत्तम झाले, कारण त्यामुळे अर्धे उत्तर मिळालेच आहे. उरलेले गाडीच्या खाली आहे. आपला मेकॅनिक अर्धे बरोबर सांगतो आहे. लोअर आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, फाटलेले असतील, बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोल सांधा) किंवा टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचे टोक) ढिले असतील, तर यंत्रावर गाडी उभी असताना लावलेला कोन ब्रेक लागताच बदलतो, आणि मग कागदावर सगळे हिरवे दिसूनही टायर झिजतच राहतो. पण त्यावरून अलाइनमेंट करू नये असा निष्कर्ष निघत नाही, आधी ढिले भाग बदलावेत एवढाच निघतो. पुढची चाके उचलून घ्या. चाक डाव्या-उजव्या टोकांना धरून हलवल्यावर खुळखुळले तर टाय रॉड पाहा, वर-खाली धरून हलले तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग पाहा. बुश मात्र हाताने कळत नाहीत, ते पहारीने दाबून पाहावे लागतात.

क्रम असा ठेवा: सुटे भाग, मग टायर आणि बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडून समतोल करणे), आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. वाकड्या झिजलेल्या टायरांवर कोन लावण्यात काही अर्थ नाही. अशा बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो तेवढा फिरवता येतो, कॅम्बर आणि कॅस्टर (बाजूने पाहिल्यास चाक ज्या अक्षावर वळते त्याचा कल) फक्त मोजता येतात, हे लक्षात असू द्या. ते मर्यादेबाहेर आले, तर काहीतरी वाकले किंवा झिजले आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि ते यंत्रासमोर उभे राहून सुटत नाही.

दोन टायर घेतलेत तर नवे मागे बसवा. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ पुढे घसरते आणि वेग कमी केला की सावरते. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर ती गिरकी घेते आणि बहुतेकांच्या हातून सावरत नाही. अर्थात आपल्या बाबतीत हा प्रश्न उरतच नाही. मागचे रबर वयाने गेले आहे आणि पुढचे झिजेने, त्यामुळे चारही टायर बदलावेत.

वर्षाला ४००० किलोमीटर हा आपल्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे, आणि आपण तो शेवटी सांगितलात! आपल्याकडे टायर झिजून संपणार नाही, वय होऊन संपेल. अनेक वाहन उत्पादक सहा वर्षांनंतर तो बदलण्याचा सल्ला देतात. म्हणून लाखभर किलोमीटर टिकणाऱ्या कडक रबराचे आपल्याला काही काम नाही, ओल्या रस्त्यावर चांगले धरणारे मऊ रबर पाहा. घेताना चार अंक स्वतः वाचा, कारण गोदामात पडून राहिलेला दोन वर्षांचा टायर आपल्या हिशेबात दोन वर्षे कमी चालणार आहे. रुंद मापाबाबत आपले गणित बरोबर आहे, पण रिमची रुंदी त्याला चालते का ते पाहावे लागेल, आणि पॉवर स्टेअरिंग नसेल तर गाडी उभी करताना हाताला चांगलाच भार जाणवेल. मी तरी मूळ माप सोडले नसते.

मूळ प्रश्नकर्ता, तीन आठवड्यांनी:

आपण सांगितल्याप्रमाणे गाडी उचलून घेतली. टाय रॉड घट्ट होते. डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश मात्र पहार लावताच अर्ध्यातून उघडला, आतले रबर धातूपासून पूर्ण सुटले होते. ब्रेक दाबताना एक हलका ठोका यायचा, तो कित्येक महिने मी सामानाच्या कप्प्यातल्या जॅकच्या माथी मारत होतो. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, मूळ मापाचे चार टायर नव्या व्हॉल्व्हसह बसवले, बॅलन्सिंग केले आणि त्यानंतर अलाइनमेंट केली. पहिल्या मोजणीत टो-आउटच निघाला. कारागीर मोजणीनंतर लगेच टाय रॉडला हात घालत होता, तेव्हा त्याला थांबवून स्टेअरिंग मधोमध कुलूपबंद करायला सांगितले. नाहीतर चाके सरळ झाली असती आणि स्टेअरिंग तिरकेच राहिले असते. आता हात सैल सोडला तरी गाडी सरळ जाते. कॅम्बर दोन्ही बाजूंना मर्यादेत आहे.

एक शंका राहिली आहे. स्टेपनी गाडीबरोबर आलेली आहे, १४ वर्षांत ती एकदाही रस्त्याला लागलेली नाही आणि तिची नक्षी कोरीच आहे. मागच्या दोन जुन्या टायरांपैकी एखादा तिच्या जागी ठेवण्यात अर्थ आहे, की पाचवा टायरही नवा घ्यावा?