एमएम 540: चॅसिसला चीर, फ्लोअर गेलेला, इंजिन जाम. सुरुवात कुठून करू?

पाना_फिरवा (शिराळा)

महिंद्रा एमएम 540 जीप, प्यूजो एक्सडीपी 4.90 डिझेल इंजिन. बरीच वर्षं पत्र्याच्या शेडखाली उभी आहे, आणि आमच्या पश्चिम भागातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचला की आरपार जातो. मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरजवळ, म्हणजे पाटा जिथे अडकवलेला असतो तिथे, उजव्या चॅसिसला खालून अडीच इंचाची चीर आहे. इंजिन हाताने फिरत नाही, ब्रेक पेडल थेट तळाला जातं. घरी 200 अँपियरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर आहे, मिग (वायरने वेल्डिंग करणारं मशीन) नाही. पुढे दोन इंच उचलून 31 इंची टायर टाकायचा विचार आहे. डेंटिंगवाला म्हणतो आधी बॉडी करू, चॅसिसला नंतर पट्टी मारू. मला पटत नाही. क्रम काय ठेवू?

कुपवाड_फॅब्रिकेशन

पटत नाही तेच बरोबर आहे. बॉडी उतरवा. ती चॅसिसवर बोल्टांनी बसते, तिच्याखालचा चॅसिस बघितल्याशिवाय कुणीही दिलेलं एस्टिमेट म्हणजे अंदाजपंचे.

उतरवली की चॅसिस चार स्टँडवर लेव्हलला घ्या आणि समोरासमोरच्या भोकांमधून दोन्ही कर्ण मोजा. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी सरळ करून घ्या, वेल्डिंग नंतर. बॉक्स झालेल्या, म्हणजे चारी बाजूंनी बंद पोकळ भागात तांबडी माती घट्ट बसलेली असते. ती ओल धरून ठेवते म्हणून चॅसिस आतून कुजतो आणि वरून ठणठणीत दिसतो. हातोडीने ठोकत जा. आवाज बद्द आला की तिथे पत्रा पातळ झालाय.

चीर: घासून पांढरा पत्रा काढा, रॉकेल लावा, पुसा, वर खडू घासा. रॉकेल परत खडूत उतरतं तिथपर्यंत चीर आहे, आणि डोळ्याला दिसते त्याहून ती लांबच निघते. टोकाला 5-6 मिमीचं भोक पाडा, नाहीतर वेल्डिंगनंतर ती तिथूनच पुढे सरकते. मग ग्राइंडरने व्ही आकाराची खाच करून 3.15 मिमीचा 7018 (कमी हायड्रोजनचा) वेल्डिंग रॉड, 100-120 अँपियरला. हा रॉड दमट असेल तर जोडात हायड्रोजन जातो आणि गार झाल्यावर केसासारखी चीर येते. त्यामुळे उघडं पडलेलं पाकीट वापरू नका.

वरून पट्टी मारायचीच, पण चौकोनी नको. चॅसिसला आडवा सरळ जोड दिला की सगळा ताण त्या एका रेषेत येतो आणि पट्टीच्या कडेलाच चॅसिस तुटतो. दोन्ही टोकं शंकरपाळ्यासारखी निमुळती कापा. पट्टीची जाडी चॅसिसच्या पत्र्याएवढीच, आणि वरच्या-खालच्या काठावर वेल्डिंग नाही. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढूनच मशीन चालू करा. डिझेल टाकी गाडीत ठेवून तर नाहीच.

लेथ_आणि_लायनर (कराड)

इंजिनाला धक्का मारू नका, ट्रॅक्टरने ओढू तर अजिबात नका. इंजेक्टर काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल, निम्मं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) असं 50 मिली सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून थोडं मागे, थोडं पुढे. सुटलं तरी इंजेक्टर बाहेर ठेवूनच दोन-चार फेरे फिरवा. आत द्रव राहिला आणि इंजेक्टर बसवून स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल दाबलं जात नाही हो.

आधी गिअर न्यूट्रल आहे ना ते बघा. कधीकधी जाम क्लच प्लेट असते आणि शिव्या इंजिनाला बसतात. इंजेक्शन पंप अडकला असेल तर जोर न लावता पंपवाल्याकडे द्या.

ब्रेकमध्ये दुरुस्ती नाही, बदलच. चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होज, 4.75 मिमीची स्टील पाइप. जुन्या जीपला बहुतेक वेळा एकच सर्किट असतं, एक पाइप फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. हवा काढताना लांबच्या चाकापासून सुरू करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

पाना_फिरवा (शिराळा)

फ्लोअर माझ्या मशीनने होईल का? रंग जुलैत केला तर चालेल?

कुपवाड_फॅब्रिकेशन

18 गेजचा पातळ पत्रा कांडीने (वेल्डिंग रॉडने) भोकं पडल्याशिवाय जोडणं कठीण. तेवढ्यापुरतं मिग असलेल्या कुणाकडून करून घ्या, 0.8 मिमीची वायर, एक-एक इंचाचे टाके, जागा बदलत. सलग ओढलंत तर पत्रा लाटा मारतो. सँडब्लास्टिंग चॅसिसला करा, बॉडीला नको, त्याच कारणाने.

जुलैत रंग नाही. हवेत दमटपणा असला की रंग पांढुरका पडतो आणि खाली ओल कोंडते. दसऱ्यानंतर बघा. रेड ऑक्साइड स्वस्त आहे पण एकटा पाणी अडवत नाही. एपॉक्सी प्रायमर, वर टॉपकोट, आणि बॉक्सच्या आतून मेण-तेल. ब्लास्ट झाल्यावर प्रायमर त्याच दिवशी, रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी तांबूस दिसेल. भोकांत लांबी (पुट्टी) भरून वेळ मारून नेणाऱ्याला दारात उभं करू नका.

एमएच10_एमएच11

सगळ्यांनी कागद विसरले. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, त्यानंतर फिटनेस होऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण. खर्च करण्याआधी आरसी (नोंदणी पुस्तक) काढून बघा, आणि चॅसिस नंबर घासताना ग्राइंडरखाली जाऊ देऊ नका. त्यावर आधी जाड टेप लावा, पेन्सिलने ठसाही घेऊन ठेवा.

31 च्या टायरचा नाद सोडा. तुमच्यावर 6.00-16 असेल, त्याचा व्यास 28-29 इंच. म्हणजे आठ-नऊ टक्क्यांनी गिअरिंग लांबतं, स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 65 ला असते, आणि तेच ड्रम ब्रेक मोठ्या चाकाला थांबवायला बसतात. दोन इंच उचलायला शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी कडी) चार इंचांनी लांब लागते. पुढे तसं केलं की कॅस्टर (पुढच्या चाकांच्या स्टिअरिंगचा कल) बदलतो, स्टिअरिंग भटकतं. होज ताणली जाते ती वेगळीच. शिवाय गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल नको असं स्पष्ट केलंय. फिटनेसला अडकाल. चांदोलीच्या बाजूच्या चिखलाला मूळ मापाचे खोल नक्षीचे टायर आणि नवे बुश घातलेले पाटे पुरतात.