सोसायटी ग्रुप: "सिक्युअर बूट बंद करा" या मेसेजवरून

जोशी काका: *फॉरवर्डेड* 🚨 जून २०२६ पासून विंडोजचे सगळे जुने कॉम्प्युटर कायमचे बंद पडणार! वाचायचं असेल तर आजच बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन 'सिक्युअर बूट' ऑफ करा. १० ग्रुपवर पाठवा.

सावंत काका: जोशी, मी केलं ना ऑफ! आता निळी स्क्रीन आलीय आणि ४८ आकडी 'की' (किल्ली) मागतोय. हॅक झालं की काय? उद्या सकाळी ऑडिटची फाइल द्यायचीय.

शिंदे मॅडम: फॉरमॅट मारून टाका, होतं ठीक.

अमेय: फॉरमॅट अजिबात नको!! सगळा डेटा जाईल. काका, स्क्रीनवर वरती 'बिटलॉकर रिकव्हरी' लिहिलंय का?

सावंत काका: हो, तेच.

अमेय: मग हॅक वगैरे काही नाही. बिटलॉकरमुळे तुमची डिस्क कुलूपबंद असते आणि लॅपटॉप रोज स्वतःच ती उघडतो. तुम्ही सिक्युअर बूट बंद केलंत, त्यामुळे कुणीतरी छेडछाड केली असं वाटून तो अडून बसलाय. जसं बंद केलंत तसंच परत चालू करा, सेव्ह करून बाहेर या. बहुतेक वेळा की न मागताच सुरू होतो.

सावंत काका: आणि नाही झाला तर?

अमेय: तर मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडून डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की बघा. एकाहून जास्त दिसल्या तर स्क्रीनवरच्या 'की आयडी'ची पहिली ८ अक्षरं ज्या कीशी जुळतील, ती टाकायची.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी वापरावा 🙏

देशपांडे काकू: अहो, सावंतांचं ऑडिट सोसायटीचंच आहे.

सेक्रेटरी: मग चालू द्या.

जोशी काका: अरे पण जूनचं खोटं आहे का पूर्ण?

अमेय: नाही ना, अर्धं खरं आहे, म्हणून तर लोक फसतात. चालू होताना खरंच विंडोजच चालू होतंय ना, हे सिक्युअर बूट तपासतं, आणि त्यासाठी वापरतात ती सर्टिफिकेटं (डिजिटल ओळखपत्रं) २०११ ची आहेत. त्यांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते. त्यांच्या जागी २०२३ ची नवी सर्टिफिकेटं येतात, तीही नेहमीच्या अपडेटमधूनच. समजा नाही आली, तरी कॉम्प्युटर सुरू होतो. फक्त बूटच्या, म्हणजे चालू होण्याच्या, टप्प्यावरच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. म्हणजे अपडेट चालू ठेवायचं आणि सिक्युअर बूटला हात लावायचा नाही. मेसेज सांगतो नेमकं उलट.

कदम (ए विंग): मी तर अपडेट कायमचं बंदच केलंय. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटने लोकांच्या फायली उडवल्या होत्या, विसरलात?

अमेय: नाही विसरलो. काही लोकांच्या उडाल्याच होत्या आणि कंपनीला ते अपडेट थांबवावं लागलं होतं. म्हणून मोठं अपडेट आलं की मी आठवडाभर 'पॉझ' करतो, ओरड होते का बघतो. पण दर महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्या अडवणं म्हणजे चोर येईल म्हणून दारच काढून ठेवण्यासारखं. आणि काहीही करायच्या आधी फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच.

देशपांडे काकू: माझं विंडोज १०. सपोर्ट संपला म्हणे, मग चालतंय कसं?

अमेय: काकू, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तो मोफत दुरुस्त्यांचा सपोर्ट, मशीन चालतच राहतं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी दिसेल, ती केलीत तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. तोवर विंडोज ११ चालतं का बघू. त्याला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) लागतं, प्रोसेसर फार जुना असला तर अडतं. रविवारी येतो मी.

सावंत काका: सुरू झाला!!! सिक्युअर बूट ऑन केलं, कीच मागितली नाही.

अमेय: मस्त. आता लगेच की शोधून ठेवा, पुढच्या वेळी धावपळ नको.

सावंत काका: माझ्या अकाउंटवर नव्हती. लॅपटॉप मुलीने सेट केला होता, तिच्या अकाउंटवर सापडली. डेस्कटॉपवर सेव्ह केलीय.

अमेय: काका… लॅपटॉप अडला तर डेस्कटॉप दिसणार कसा?

सावंत काका: 😅 लिहितो कागदावर.

जोशी काका: सावंत, सॉरी हं. इथला मेसेज डिलीट केला. बाकी नऊ ग्रुपवर गेल्या आठवड्यातच टाकला होता, तिथे आता 'सर्वांसाठी डिलीट' येत नाही.

अमेय: मग तिथे माझा वरचा मेसेज टाका.

जोशी काका: टाकतो. जरा छोटा करून दे रे, एवढं लांब कोणी वाचत नाही.