मॉरिशसचा गोल्फबेत: मुक्काम पूर्वेला का करावा
मॉरिशसमधील बेल ओंब्रला आठवडाभर राहून जुलैमध्ये गोल्फची चार मैदाने खेळण्याचा तुमचा बेत आकर्षक आहे, पण त्यात दोन बदल सुचवावेसे वाटतात. पहिला मुक्कामाचा. बेल ओंब्र नैऋत्येला, तर गोल्फपटू बर्नहार्ड लँगर यांनी आखलेले इल ओ सेर आणि गोल्फपटू एर्नी एल्स यांनी आखलेले अनाहिता ही त्यांपैकी दोन मैदाने पूर्व किनाऱ्यावर आहेत. त्यामुळे निदान अर्धे दिवस पूर्वेला राहिल्यास रोजची लांब धावपळ वाचेल. इल ओ सेर हे किनाऱ्यालगतच्या वेगळ्या बेटावरचे मैदान असल्याने तेथे होडीनेच जावे लागते, म्हणून पहिल्या फटक्याच्या वेळेआधी पुरेसा अवधी हाताशी ठेवावा. ज्वालामुखीच्या काळ्या खडकांवर आपटून चेंडू थेट खाजणात जातो, तेव्हा डझनभर जास्तीचे चेंडू न्यावेत (कंजूषपणा इथे महागात पडतो).

दुसरा बदल महिन्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे नेमके पूर्व किनाऱ्यावर जोर धरतात, आणि जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा धोका अधिक असतो. म्हणून माझे मत ऑक्टोबरला. भारतीय पासपोर्टधारकांना आगाऊ व्हिसा लागत नाही, मात्र गोल्फच्या पिशवीचे वजन व शुल्क तिकीट काढण्यापूर्वीच विमान कंपनीकडून लेखी घ्यावे.