इम्प्लांट नुसता आवाज मोठा करत नाही

‘कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे भारीतलं हिअरिंग एडच ना?’ असं कुणीतरी विचारलंय. नाही हो. हिअरिंग एड आवाज मोठा करून कानातच सोडतं. इम्प्लांट कानातल्या आवाज टिपणाऱ्या निकामी पेशींना वगळून थेट श्रवणाच्या नसेला विजेचे बारीक ठोके देतं. कानामागचा प्रोसेसर बोलणं उंच-खालच्या पट्ट्यांत विभागतो, प्रत्येक पट्टीतला जोर कसा चढतो-उतरतो ते मोजतो आणि आतल्या शंखातल्या (कॉक्लिया, कानाच्या आतला शंखासारखा भाग) १२ ते २२ इलेक्ट्रोडना वाटून देतो. तीक्ष्ण आवाज शंखाच्या तोंडाशी, खर्जातले खोल आत. निरोगी कानात हेच काम साधारण साडेतीन हजार पेशी करतात, त्यामानाने हे किती थोडं!

माझी भाची इथेच, इंदिरानगरला राहते; तिला हेच इम्प्लांट आहे. ते नीट चालतंय का बघायला रोज शाळेआधी ताई तिच्या पाठीमागे उभी राहून सहा आवाज काढते: आ, ई, ऊ, म, श, स. ती ऐकून तसंच म्हणते. मागच्या पावसाळ्यात दोन दिवस ‘स’ला ती गप्पच राहिली. ‘स’ची सळसळ ‘श’पेक्षाही वरच्या पट्टीत असते, म्हणून आधी तीच हरवते. प्रोसेसरच्या माइकची बारीक जाळी कोंदली होती. बदलली, आणि ‘स’ परत आला. ताई तिथेच रडली.

गर्दीत मात्र पट्ट्या एकमेकींत मिसळतात. मेन रोडवर भेटलात तर ओरडू नका, तिच्या समोर येऊन नेहमीसारखं बोला.